धाकलदादांच्या अंगठ्याखाली मी जे लिहिलं

आजवर ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी नाही, ज्या राऊत मॅडमबरोबर मी अकरा वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला त्यांच्यापाशीही नाही. एकदा डहाणूच्या समुद्रावर एकटाच बसलो होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं, भरतीचा आवाज होता — म्हटलं, नुसतं मोठ्याने बोलून तरी बघू. ‘त्या वर्षी’ एवढे दोन शब्द निघाले आणि मी उठून चालायला लागलो. लिहिताना निदान हात पुढे सरकतो. म्हणून लिहितोय.

आधी मी कोण ते सांगतो. मी कैनाडच्या एका पाड्यावरचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं आणि बाबा तर शाळेच्या आत आले ते फक्त मला सोडायला. मी बी.ए. केलं, बी.एड. केलं, नोकरी लागली, डहाणूत स्टेशनजवळ दोन खोल्या घेतल्या. याचा मला गर्व होता असं म्हणणार नाही — आहे. आजही आहे. माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर बाबांनी अंगठा लावला तेव्हा कारकुनाने त्यांच्याकडे न बघताच शाईचं पॅड पुढे सरकवलं होतं. मला राग आला. बाबांना नाही आला. ते खुशीत होते. ‘सर लिहील ते खरं,’ असं ते कायम म्हणायचे. देवावर नसेल इतका त्यांचा सर लोकांवर विश्वास.

आमच्याकडे पद्धतच ती. अंगठा आधी, मजकूर नंतर. शिष्यवृत्तीचा फॉर्म असू दे, जातीचा दाखला असू दे — माणूस येतो, कोऱ्या कागदावर अंगठा लावतो, सांगायचं ते तोंडी सांगतो आणि कामाला निघून जातो. मग सर बसून भरतात. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. दिवसाचं काम टाकून आलेल्या माणसाला किती वेळ ताटकळत ठेवायचं? मी स्वतः असे शेकड्यांनी फॉर्म भरले. कुणाचं एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

त्या वर्षापर्यंत.

माझी शाळा गंजाडच्या पुढे, बरीच आत. आठवी ते दहावी. नाव सांगत नाही, शाळेचा काही दोष नाही. त्या वेळी मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे होता. खुर्ची मिळाली तेव्हा आई मुद्दाम पाड्यावरून शाळेत आली होती, खुर्चीला हात लावून बघायला.

आणि अजून एक सांगायला हवं, नाहीतर मी जे केलं ते तुम्हाला अर्धंच कळेल. महामारीच्या आधी आमच्या डहाणू-तलासरीत जमीन हलत होती. तुम्ही इकडचे असाल तर आठवत असेल. दिवसातून दोनदा-तीनदा धक्का, भांडी वाजायची, भिंतींना चिरा, लोक थंडीत अंगणात ताडपत्र्या बांधून झोपायचे. पोरं वर्गात बसायला तयार नव्हती. तेव्हा मी बेंच बाहेर काढले. मैदानाच्या कडेला मोठा आंबा आहे, त्याच्या खोडाला खिळा ठोकून फळा टांगला, आणि शाळा भरवली. सगळा हिवाळा आम्ही झाडाखाली काढला. गावात मला ‘आंब्यावाले सर’ म्हणायला लागले. मला ते आवडायचं. खूप आवडायचं.

भूकंपाला मी घाबरलो नाही, हे खरं आहे. भूकंपाला दार असतं — बाहेर पडलं की सुटलो. या रोगाला दार कुठे होतं?

दुसऱ्या लाटेत आमचे गणिताचे सर गेले. आगरहून रोज स्कूटरवर यायचे, माझ्याच वयाचे. ऑफिसच्या कामाला म्हणून आम्ही दोघं एक दिवस शाळेत आलो होतो. त्यांनी माझ्या डब्यातलं लोणचं बोटाने उचललं आणि म्हणाले, “वहिनींनी मीठ जास्त टाकलंय, नवऱ्यावर राग दिसतो.” दोन आठवड्यांत ते नव्हते. त्यांच्या ड्रॉवरमध्ये अर्धा झिजलेला खडू होता आणि पोरांच्या वह्यांचा गठ्ठा. मी त्या ड्रॉवरला हात लावला नाही. शिपायाला सांगितलं, तू काढ. तो बिचारा काढू लागला तर मी दारातून मागे सरकलो.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी सुकटीचा, सुक्या मासळीचा, डबा उघडून वास घ्यायचो. वास आला तर आजचा दिवस माझा. बायको आधी हसली, मग हसायची बंद झाली. बोटाला ऑक्सिमीटर लावून बसायचो — आकडा एकाने खाली गेला की दुसरं बोट लावून बघायचो. कुणी रस्त्यावर खोकलं तर श्वास धरून वीस पावलं चालायचो. हे सगळं कुणाला दिसत होतं का? नाही. बाहेर मी तसाच — ताठ, इस्त्रीचा शर्ट, आंब्यावाले सर. पाड्यावरनं वर आलेल्या माणसाला भीती वाटते असं कबूल करता येतं का? मला आलं नाही. शहरातल्या सरांनी सांगितलं, मला भीती वाटते, तर ते काळजी घेतात असं होतं. मी सांगितलं असतं तर — बघा, शेवटी पाड्यावरचाच — असं झालं असतं. निदान मला तसं वाटायचं.

मग लाट ओसरली आणि वरून पत्र आलं. ज्या गावांत महिनाभर रुग्ण नाही तिथे वरचे वर्ग सुरू करायचे, पण आधी पालकांचं लेखी मत घ्यायचं. बहुमत असेल तर शाळा उघडायची.

आमच्या स्टाफमध्ये सरळ दोन तट पडले. राऊत मॅडम उघडायच्या बाजूने. डहाणूच्या, रेल्वेतल्या माणसाची बायको, घरी दोन लहान मुलं, तरी म्हणाल्या, सर, पोरांकडे मोबाइल नाहीत, असले तर रेंज नाही, आपण ऑनलाइन शिकवतो ते आपल्यालाच ऐकू येतं. बाकीचे दोघं म्हणाले, जीव वाचला तर शिक्षण. सरपंच तर हुशार. म्हणाले, सर, तुम्ही ठरवा, आम्ही सही करतो — आणि काही झालं तर तुमच्याकडे बोट दाखवतो, हेही आत्ताच सांगतो. सगळे हसले. मी पण हसलो. 

मी काय बोलायचो माहीत आहे? “मुलांच्या जिवाशी खेळणार नाही.” हे वाक्य मी मीटिंगमध्ये बोललो, ग्रुपवर लिहिलं, फोनवर सांगितलं. ऐकायला किती चांगलं वाटतं ना? मुलांचा त्यात काही संबंध नव्हता. मला माझा जीव प्यारा होता. त्या खोलीत, त्या चाळीस तोंडांसमोर, दर तासाला उभं राहायचं — त्या विचाराने मला घाम फुटायचा.

पालकसभा मैदानात घेतली. पांढऱ्या फक्कीने वर्तुळं आखली, एकेका वर्तुळात एकेक माणूस. भाताच्या आवणीचे दिवस होते, लोक चिखलाच्या पायांनी आले. सहीवाले दहा-बारा असतील, बाकीचे सगळे अंगठेवाले. मी टेबल लांब ठेवलं होतं. शिपाई पॅड धरायचा, माणूस अंगठा लावायचा, मी बाटलीने त्याच्या अंगठ्यावर सॅनिटायझर मारायचो आणि जांभळी शाई मनगटापर्यंत ओघळायची. प्रत्येकाने जाताना तोंडी सांगितलं. आणि जवळजवळ प्रत्येकाने एकच सांगितलं — उघडा.

धाकलदादा त्यातलेच. चिकूच्या वाडीत कामाला जाणारे, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. त्यांची पोरगी वनिता नववीत होती. गणितात अशी की गेलेले सर तिला स्वतःची वही तपासायला द्यायचे. धाकलदादांच्या अंगठ्यावर कोयत्याची जुनी जखम, त्यामुळे ठशातून एक तिरकी पांढरी रेघ जायची. तो ठसा शंभरांत ओळखू येईल. अंगठा लावून ते वर्तुळातच थांबले आणि म्हणाले, “सर, उघडा. खोलीत भीती वाटत असेल तर आंब्याखाली बसवा ना. भूकंपात बसवलेली तशी. तेव्हा तर जमीन हलत होती, तरी तुम्ही बसवलं.”

मागून कुणीतरी म्हणालं, आंब्यावाले सर आपले, बसवतील.

 आंबा तिथेच होता. खिळा तिथेच होता. मी मान हलवली. लोकांना वाटलं, सर हो म्हणाले.

ते कागद मी दोन दिवस हातात घेतले नाहीत. व्हरांड्यात उन्हाची तिरीप यायची तिथे बेंचवर पसरून ठेवले, वर दगड ठेवले — जंतू मरावेत म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात एकटा बसलो. खिडक्या बंद, तोंडावर दोन मास्क, घामाने पाठ भिजलेली. समोर कागदांचा गठ्ठा. फॉर्मवर छापलं होतं — मी माझ्या पाल्यास शाळेत पाठवण्यास संमती देतो, देत नाही; लागू नसेल ते खोडावे. आणि खाली एक ओळ — संमती नसल्यास कारण.

सांगतो. आता सांगतोच.

मी ‘देतो’ खोडलं.

पहिल्या कागदावर हात थांबला होता. वाटलं, हा एकच. मग वाटलं, एकाने काय होणार, बहुमत लागतं. मग दुसरा, मग तिसरा. एक आडवी रेघ मारायला किती वेळ लागतो? डोळा मिटून उघडायलाही जास्त लागतो. कारणाच्या ओळीत काय लिहायचं ते सुचेना, तर मनात आलं ते लिहिलं — ‘घरात वयोवृद्ध व्यक्ती असल्याने संसर्गाची भीती वाटते.’ आणि मग सगळ्यांवर तेच. एकाच पेनाने, एकाच अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. ते कारण खरं तर एका घराला लागू होतं, माझ्या. माझी आई माझ्याजवळ होती. पण तिला कसली भीती? ती रोज विचारायची, पोरं कधी बसवतोस रे झाडाखाली?

आणि हे नीट ऐका, कारण सगळ्यात वाईट हेच आहे. सहीवाल्यांच्या कागदांना मी हात लावला नाही. त्यांना वाचता येत होतं. त्यांतल्या अर्ध्याअधिकांनी हो लिहिलं होतं, ते हो तसंच राहिलं. मी फक्त ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची जीभ कापली. माझ्या बाबांसारख्यांची. आणि हे करताना मी घाबरलेला होतो, पण गोंधळलेला नव्हतो. कुठला कागद कुणाचा, हे बघून बघून, निवडून केलं.

शाळा उघडली नाही. अहवाल गेला. महिन्याभराने एक साहेब आले, कागद चाळले आणि चहा पिताना म्हणाले, “गंमत आहे हो. शिकलेल्यांना शाळा हवी, आणि ज्यांना खरी गरज त्यांनाच नको. या लोकांचं काही होणार नाही.”

‘या लोकांचं.’ माझ्यासमोर. मी कुठला ते त्यांना माहीत नव्हतं. मी काय केलं? हसलो. बिस्किटाची प्लेट पुढे केली.

आजूबाजूच्या काही शाळा उघडल्या. तिथे पुढे काय झालं, कुणी आजारी पडलं की नाही, हे मी मुद्दाम सांगत नाही. काहीही झालं असतं तरी माझी रेघ खरी ठरली नसती. आमची शाळा उघडली ती दिवाळीच्या तोंडावर, सगळीकडे सक्तीने उघडली तेव्हा. पहिल्या दिवशी हजेरी घेतली. वनिता आली नाही. अजून चार पोरं आली नाहीत, पण मी आज वनिताचंच सांगतो, सगळ्यांचं एकदम सांगायची माझी ताकद नाही.

राऊत मॅडम पाड्यावर गेल्या होत्या. परत आल्या त्या रागातच. वनिता मावशीबरोबर राज्याच्या हद्दीपलीकडे कंपनीत पॅकिंगला लागली होती, त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी सापडली. पोरगी दोन महिने वाट बघत होती, दप्तर भरून ठेवायची. मॅडमना तिने विचारलं, दुसऱ्या शाळा उघडल्या, आपलीच का नाही? मॅडमनी जे कागदावर वाचलं होतं तेच सांगितलं — तुझ्या वडिलांनीच नको म्हणून दिलंय. पोरगी तिथून उठली. घरात जाऊन बापाला विचारलं. तो म्हणाला, मी उघडा बोललो. ती म्हणाली, मॅडम खोटं सांगतील?

दुसऱ्या दिवशी धाकलदादा शाळेत आले. वाडीतलं काम टाकून. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. मास्क नव्हता, टॉवेलाचं टोक तोंडावर धरलेलं. म्हणाले, “सर, मी तर उघडा बोललेलो ना? पोरगी ऐकत नाय. तुम्ही जरा सांगा तिला.”

एवढंच मागत होते. एक वाक्य. मी सांगितलं असतं तर?

मी फाइल काढली. त्यांचा कागद शोधला. वेळ लागला नाही, ती तिरकी पांढरी रेघ वरूनच दिसली. कागद त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, “दादा, हा अंगठा तुमचाच ना?”

मी वरचा मजकूर हाताने झाकला नाही. झाकायची गरजच नव्हती.

त्यांनी कागद बघितला. मग स्वतःचा अंगठा बघितला. मग पुन्हा कागद. आणि म्हणाले, “अंगठा तर माझाच.” टॉवेल सावरत — “मग मीच तसा बोललो असेन, सर. माझंच डोकं फिरलं असेल.”

माणूस स्वतःच्या तोंडावर अविश्वास ठेवतो, पण कागदावर नाही. का? कारण कागद सर भरतात. हे त्यांना माझ्यासारख्यांनीच शिकवलं. ‘सर लिहील ते खरं.’ जाताना त्यांनी मला हात जोडले. तुमचा वेळ घेतला म्हणाले.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसानंतर मला झोप लागली नसेल. लागली. सुकटीचा वास येत होता, आकडा बरोबर होता, झोप लागली. भीती नंतर आली. रोग गेला आणि ती दुसरीच भीती येऊन बसली — ही अजून आहे. धाकलदादा रस्त्यावर समोरून दिसले की मी मोबाइल कानाला लावतो. फोन आलेला नसतो.

दोनेक वर्षांनी तलासरीच्या बाजारात मागून कुणीतरी हाक मारली, “सर.” वनिता. लग्न झालं होतं, तिकडेच दिली होती. हातात भाजीची पिशवी, कंपनीचा गळ्यातला पट्टा अजून तसाच. नमस्कार केला. गेलेल्या सरांची आठवण काढली. मग अगदी सहज म्हणाली, “बाबाने माझी शाळा घालवली, सर. नायतर मी गणितच घेतलं असतं.” आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी ऐकायचं होतं का? की नुसतंच सांगत होती?

मी तिला सांगितलं, शिकायला वयाची अट नसते. बाहेरून फॉर्म भरता येतो, असंही सांगितलं. भाषणच दिलं म्हणा ना. तिने ते ऐकून घेतलं. मोठी हुशार पोरगी.

आता शेवटचं. हे अलीकडचं आहे.

वरून आदेश आला की गावातल्या निरक्षर प्रौढांना शिकवायचं. राऊत मॅडम आणि मी, दोघांनी वाटून घेतलं. संध्याकाळी पाच ते सहा. बायका जास्त आल्या, पुरुष चार-पाच. पहिल्याच दिवशी मागच्या बेंचवर धाकलदादा. पाय बेंचमध्ये मावत नव्हते. बायकांनी चेष्टा केली — दादा, आता काय कलेक्टर होणार? ते हसले. म्हणाले, “एकदा अंगठा लावून फसलो. माझ्याच तोंडाने फसलो. पोरगी चार वर्षं धड बोलत नाय, दिवाळीला नाय आली. आता सही शिकतो.”

ते माझ्याच वाटणीला आले होते. मॅडमकडे द्यावेत म्हणून मी कारणं शोधली — गट मोठा झाला, माझ्याकडे ऑफिसचं काम आहे. मॅडम म्हणाल्या, असू द्या हो, त्यांना तुम्हीच हवेत.

तुम्ही कुणाला अक्षरं शिकवली आहेत का? आणि मनातून वाटलं आहे का, की याला येऊ नये? मी ते केलं आहे. मी मुद्दाम हळू शिकवलं. जोडाक्षरं पुढे ढकलली. पण माणूस झपाट्याने पुढे गेला. वाडीत चिकूच्या खोक्यांवरची नावं वाचायला लागला, एसटीची पाटी, दुकानावरचे बोर्ड. वाचून झालं की माझ्याकडे बघायचे, बरोबर ना? बरोबर, मी म्हणायचो. आणि आत कुठेतरी जमीन हलायची.

गेल्या महिन्यात वर्ग सुटल्यावर ते थांबले. सगळ्या बायका गेल्या. म्हणाले, “सर, तो तेव्हाचा कागद आहे का अजून? मला वाचायचाय.”

वाळवीने खाल्ला, असं म्हणायचं मी कधीपासून ठरवून ठेवलं होतं. वाक्य तयार होतं. पण त्यांचं लक्ष कपाटाकडे होतं आणि काचेतून फाइलचा तांबडा पुठ्ठा दिसत होता. वर्ष लिहिलेलं. त्यांना ते वाचता येत होतं.

मी फाइल काढून दिली.

त्यांनी कागद बेंचवर ठेवला आणि बोट लावून वाचायला सुरुवात केली. एकेक अक्षर. ‘संमती’ला अडकले, सुटले. ‘देतो’वरची रेघ बोटाने चाचपली. मग कारणाची ओळ. ‘घ-रा-त.’ पुढच्या शब्दाला थांबले. मला विचारलं, हे काय? मी वाचून दाखवलं. म्हणजे काय, विचारलं. मी म्हटलं, म्हातारं माणूस.

“म्हातारं?” ते कागदाकडेच बघत होते. “आमच्या घरात तेव्हा म्हातारं कोण होतं, सर? माझी आई तर वनिता रांगत होती तेव्हाच गेली.”

   त्यांनी पुढचा कागद उलटला. मग त्याच्या पुढचा. वाचत नव्हते, चित्र बघावं तसं नुसतं बघत होते — तीच ओळ, तेच वळण, तेच अक्षर. चार-पाच कागद झाल्यावर बोट थांबलं. फळ्याकडे बघितलं. फळ्यावर त्या दिवशीचा धडा होता, माझ्या अक्षरात.

मला वाटलं, आता बोलतील. मारतील, असंही वाटलं.  ते म्हणाले, “हा कागद मी नेऊ? पोरीला दाखवायचाय.”

आणि मी म्हणालो — हो, यावरही मी हेच म्हणालो — “दादा, ऑफिसचा कागद आहे. बाहेर देता येत नाही.”

“बरं,” ते म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून वही काढली, आम्हीच दिलेली, आणि पेन्सिल. कागद शेजारी ठेवला आणि ती ओळ वहीत उतरवायला बसले. मी थांबवू शकत नव्हतो. उतरवून घ्यायला कुठला नियम आडवा येतो? ‘घरात’ झालं. ‘वयो’ झालं. पुढच्या अक्षराला पेन्सिल थांबली. दोनदा काढलं, दोनदा खोडलं. वर न बघता म्हणाले, “हे कसं काढायचं, सर?”

मी त्यांच्या बाजूला बसलो. शिकवताना धरतो तसा त्यांचा हात धरला. माझ्या बोटांखाली त्यांचा अंगठा आला, कोयत्याच्या जखमेचा. आणि आम्ही दोघांनी मिळून ते अक्षर काढलं.